शिक्क्याची मुदत

अमेरिकेच्या काही पासपोर्टांत मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक वाक्य छापलेले असते. या पासपोर्टाच्या धारकाला अल्पवयीन व्यक्तीविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे, असे ते सांगते आणि पुढे कायद्याच्या कलमाचा आकडा देते. परदेशातल्या विमानतळावर, हॉटेलात नाव नोंदवताना, बँकेत खाते उघडताना, जिथे जिथे पासपोर्ट हातातून दुसऱ्याच्या हातात जातो तिथे ते वाक्यही जाते. गुन्हा किती वर्षांपूर्वीचा, शिक्षा भोगून झाली का, त्यानंतर हा माणूस कसा वागला, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

या वाक्यामागे एका मुलीचे मरण आहे. १९९४ मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगनवर शेजाऱ्याने अत्याचार केला आणि तिचा खून केला. त्या शेजाऱ्याला अशाच गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झाली होती आणि मेगनच्या आईवडिलांना त्याची कल्पना नव्हती. त्यातून अशा गुन्हेगारांची नोंदवही लोकांसाठी खुली करणारे कायदे झाले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी तिच्याच नावाच्या, परदेशप्रवासासंबंधीच्या अमेरिकी कायद्यावर ओबामांनी सही केली आणि २०१७ च्या ऑक्टोबरअखेर पासपोर्टावरच्या शिक्क्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या नोंदवहीत नाव नोंदवण्याचे बंधन संपले तर शिक्का नसलेला पासपोर्ट मिळतो, पण काही राज्यांत ते बंधन आजन्म असते.

आपल्याकडे पासपोर्टावर असा शिक्का नाही. पण मागणीचा सूर आपल्या ओळखीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा गावोगावच्या पारांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर हेच ऐकू येत होते की असल्यांची नावे, फोटो चौकात लावा, जातील तिथे लोकांना कळू द्या. हा संताप खोटा नाही. ज्या घरातल्या लेकराच्या वाट्याला हे आले, त्या घराला कोणी संयमाचे धडे देऊ नयेत. तरीही कायदा करणाऱ्याने आणि कायद्याची मागणी करणाऱ्याने थोडे थांबून मागे पाहावे, असे मला मनापासून वाटते. कारण माणसावर शिक्का मारण्याचा अनुभव आपल्या मातीला नवा नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना तर तो फार जवळून माहीत आहे.

शिक्क्याची कल्पना फार जुनी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर कोणती खूण डागावी, हे नेमके सांगितले आहे. चोराला कुत्र्याच्या पायाची खूण, मद्यप्याला दारूच्या गुत्त्याची, ब्रह्महत्या करणाऱ्याला मस्तक नसलेल्या माणसाची. गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याला स्त्रीच्या गुप्तांगाची. म्हणजे लैंगिक अपराध्याला जन्मभर ओळखू येईल असे चिन्ह देण्याची आज्ञा त्या ग्रंथात आहे. अशा डागलेल्यांना आप्तांनी टाकून द्यावे, कोणी त्यांची दया करू नये, असेही तिथे म्हटले आहे. महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याला मी आदर्श म्हणून पुढे करत नाही. जन्मावरून दंड ठरवणारा तो ग्रंथ आहे. पण लगेच पुढच्याच श्लोकात एक गोष्ट आहे, तिची नोंद घ्यायला हवी. ज्यांनी शास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त केले, त्यांच्या कपाळावर राजाने डाग देऊ नये, त्यांना जबर दंड करावा, असे तो श्लोक सांगतो. इतक्या कठोर ग्रंथालाही कळले होते की ज्या माणसाने परत फिरायचे ठरवले आहे, त्याच्या कपाळावर परतीची वाट बंद करणारी खूण उमटवता कामा नये.

शास्त्राने ठेवलेली ती फट भक्तीने दार होईल इतकी रुंद केली. मोरोपंतांची कर्मभूमी बारामतीच. अठराव्या शतकात तिथे बसून त्यांनी ‘केकावली’ लिहिली. स्वतःला पतित म्हणवून घेत देवापुढे उद्धाराची याचना करणारे ते काव्य आहे. आपल्या संतांनी आणि पंतांनी पाप कधी लपवले नाही आणि सौम्यही केले नाही. पण पाप्याला याचना करण्याचा हक्क आहे, हे त्यांनी कायम गृहीत धरले.

इंग्रजांच्या राज्यात बंगाल आणि मद्रासकडे जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव आणि गुन्हा गोंदण्याची रीत होती. १८४९ मध्ये ती कायद्याने बंद झाली. मग खूण कातडीवरून कागदावर आली आणि कागदाने जे केले ते गोंदणाला कधी साधले नव्हते. गोंदण एका माणसापुरते होते, कागदात सबंध जमाती बसल्या.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ मंजूर झाला. एखादी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असे सरकारला वाटले की ती जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, असा तो कायदा. या जाहीर करण्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असेही त्यात लिहिले होते. आधी तो उत्तरेकडे लागू झाला, १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्र करून घट्ट केला गेला. नावे रजिस्टरात गेली, बोटांचे ठसे घेतले गेले. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, वस्ती बदलायची असेल तर आधी कळवायचे. परगावी जायचे तर पास हवा. त्या पासावर माणूस कुठून कुठे निघाला आहे आणि किती दिवसांसाठी, हे लिहिलेले असे. पोहोचल्यावर तो तिथल्या पोलीस पाटलाला दाखवायचा, परतल्यावर पुन्हा हजर व्हायचे. पास नसताना सापडलेला माणूस तेवढ्यानेच गुन्हेगार ठरे. बहिणीच्या लग्नाला किंवा बापाच्या मातीला जायलाही हा कागद लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट उभ्या राहिल्या. तिथल्या माणसांनी गिरण्यांत राबायचे आणि संध्याकाळी कुंपणात परतायचे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचा अधिकारही या कायद्याने सरकारला दिला होता.

हा पास म्हणजे देशातल्या देशातला शिक्का मारलेला पासपोर्टच होता. धारक गुन्हेगार आहे, त्याच्यावर नजर ठेवा, एवढेच तो सांगत होता. फरक एक, पण फार मोठा. अमेरिकेच्या पासपोर्टावरच्या वाक्यामागे न्यायालयाचा निकाल आहे, घडलेला गुन्हा आहे, एक मूल आहे. पारधी, कैकाडी, रामोशी, भामटा, बेरड यांच्या पासामागे फक्त जन्म होता. या दोन गोष्टी एका तागडीत तोलणे हा त्या निरपराध जमातींवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. मी त्या तोलत नाही. मला पाहायचे आहे ते शिक्क्याचे यंत्र, ते चालते कसे आणि चालवणाऱ्याच्या मनाचे काय करते.

बारामतीच्या सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे माळरान पाहिले म्हणजे या भागाचे जुने रूप कळते. खुरटे गवत, बोरीबाभळी, लांबवर कान टवकारून उभी असलेली चिंकारा हरणे. हा फासेपारध्यांच्या कसबाचा मुलूख. केसांचे नाहीतर तातीचे फासे लावून तितर-लावे धरायचे, शिकार गावात विकायची, उभ्या पिकाची राखण करायची, हे त्यांचे जगणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या तालुक्यांत आले, माळाचे मळे झाले, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांची धुराडी उभी राहिली. त्या पाण्याने हजारो घरे उभी केली, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण ज्यांचे पोट त्या माळावर होते, त्यांना जमिनीचा सातबारा मिळाला नाही आणि पाण्याची पाळीही मिळाली नाही. त्यांच्या नावावर सरकारदरबारी एकच नोंद होती, ती पोलिसांच्या रजिस्टरातली. जंगलाच्या कायद्यांनी रानाची वाट अडवली होतीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली शिकारही गुन्हा झाली. गावाच्या कडेला गायरानात पाल ठोकून राहणाऱ्या माणसाला गावाने पाहिले ते असे, रजिस्टराच्या चष्म्यातून.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करावा अशी शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत आज चौदा विमुक्त जाती आहेत. फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यात जमातीच्या जागी व्यक्ती आली आणि जन्माच्या जागी सिद्ध झालेला गुन्हा आला. कागदावर पाहिले तर बदल मोठा आणि योग्य होता. पण चाळीस वर्षे रोज हजेरी घेण्याची सवय झालेल्या यंत्रणेच्या नजरेतून ती यादी पुसणारे कलम कोणत्याही कायद्यात नसते. गावात घरफोडी झाली की जीप आधी पालांकडे वळते. १९९८ च्या जून महिन्यात बारामतीत एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमधल्या पुरुलियात शबर जमातीचा एक तरुण असाच कोठडीत मेला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी अखिल भारतीय गट उभा केला तो याच वर्षी. दिलीप डिसोझा यांनी २००१ मध्ये विमुक्त जमातींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात बारामतीची ही हकीगत आहे. बारामतीचा तो मजूर मेला तेव्हा कायदा रद्द होऊन सेहेचाळीस वर्षे होत आली होती.

या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात आणि त्या पासपोर्टावरच्या शिक्क्यालाही लागू पडतात.

पहिली ही, की शिक्का पाहणाऱ्याला आळशी करतो. ज्याचे नाव वहीत आहे त्याच्याकडे बोट दाखवले की तपास झाल्यासारखा वाटतो आणि ज्याचे नाव वहीत नाही तो निर्धास्त फिरतो. मुलांवरच्या अत्याचारात हे फार घातक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या आणि ‘पॉक्सो’च्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीतला निघतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. त्याच्या पासपोर्टावर काही छापलेले नसते, बहुतेकदा त्याच्याकडे पासपोर्टही नसतो. सीमेवर उभा केलेला पहारा घरातल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल की परदेशातून येणाऱ्यांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. गोव्यात मडगावला अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्या ताब्यातली मुले परदेशी पाहुण्यांच्या वासनेला बळी पडत होती. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांच्या खटल्यात ब्रिटिश नौदलात राहिलेल्या दोघांना २००६ मध्ये शिक्षा झाली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. ही प्रकरणे वाचताना मन सुन्न होते. पण ती नीट वाचली तर दिसते की या माणसांना संरक्षण मिळाले ते कोऱ्या पासपोर्टामुळे नव्हे. अनाथालयांची तपासणी होत नव्हती, गरिबाच्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते आणि गोरा, दानशूर दिसणारा माणूस म्हणजे सज्जन, ही आपली जुनी समजूत होती. ज्याला पूर्वी शिक्षा झाली आहे आणि ज्याच्यापासून धोका आहे, त्याची माहिती एका देशाच्या पोलिसांनी दुसऱ्या देशाच्या पोलिसांना द्यावी यासाठी इंटरपोलची ‘ग्रीन नोटीस’ आहे. ती जबाबदार अधिकाऱ्याच्या टेबलावर जाते. त्या माहितीवरून व्हिसा नाकारता येतो, माणसाला विमानतळावरून परत पाठवता येते. हॉटेलच्या कारकुनाच्या हाती ती देऊन एकही मूल अधिक सुरक्षित होत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. शिक्षेला न्यायाधीश आकडा देतो. तीन वर्षे, दहा वर्षे, जन्मठेप. शिक्क्याला आकडा नसतो. तो प्रशासनाच्या हातात असतो आणि कोणताही शिक्का आपण होऊन पुसणारे प्रशासन मी पाहिलेले नाही. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात या बाबतीत एक शहाणपण आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला पासपोर्ट नाकारता येतो, पण ती शिक्षा अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली असेल तर. खटला चालू असलेल्याला न्यायालयाची परवानगी आणावी लागते. पासपोर्ट नाकारला तर सहसा कारण द्यावे लागते, अपील करता येते. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तर परदेशी जाण्याचा अधिकार जगण्याच्या अधिकाराशी जोडला आणि तो काढून घेण्याची रीत न्याय्य असली पाहिजे असे बजावले. म्हणजे आपल्याकडे राज्यसंस्था माणसाला सांगते की आत्ता तुला जाता येणार नाही, आणि का ते हे. एकदा जाऊ दिले की मग त्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत नाही.

तिसरी गोष्ट पासपोर्ट या दस्तऐवजाच्या स्वभावाची. आपला पासपोर्ट उघडला की आत राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती असते. या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावे, गरज पडल्यास साहाय्य आणि संरक्षण द्यावे. देश आपल्या नागरिकासाठी परक्यापुढे शब्द टाकतो आहे, असा त्याचा अर्थ. त्याच पुस्तिकेत त्याच नागरिकाबद्दल परक्याच्या मनात भीती घालणारे वाक्य छापणे म्हणजे दिलेला शब्द त्याच कागदावर मागे घेणे आहे. शब्द द्यायचा नसेल तर पासपोर्टच देऊ नये.

हिटलरच्या जर्मनीने ऑक्टोबर १९३८ मध्ये ज्यूंचे पासपोर्ट रद्द करून त्यांवर तांबडा ‘जे’ उमटवला, तेव्हा त्या अक्षराने शेजारच्या देशांची दारे बंद करण्याचे काम केले. दहावी न झालेल्या भारतीयांच्या पासपोर्टावर स्थलांतर-तपासणीची जी नोंद असते, तिचा हेतू याच्या अगदी उलट, आखातात जाणाऱ्या मजुराची फसवणूक होऊ नये असा आहे. तरीही जानेवारी २०१८ मध्ये अशांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर नापसंती उमटली आणि त्याच महिन्यात सरकारने तो विचार सोडून दिला. कमी शिकलेल्या मजुराला विमानतळावर सर्वांसमक्ष वेगळ्या रंगाचे पुस्तक हातात धरून उभे करायचे, हे लोकांना पटले नाही. शुद्ध हेतूने मारलेली खूणसुद्धा पाहणाऱ्याच्या हातात गेल्यावर हेतू विसरते, हे तेव्हा आपल्याला कळले होते.

याचा अर्थ नोंदच ठेवू नये असा नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी भारतात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू झाली, तेव्हा तिच्यात चार लाख चाळीस हजारांवर नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, लोकांसाठी खुली नाही. त्या वेळी अनेकांना हा भित्रेपणा वाटला. मला तो विवेक वाटतो. ७ मे २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल हेच म्हटले, की तो पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, चव्हाट्यावर मांडण्याचा नाही, आणि मागास समाजातल्या माणसांची नावे त्यात यांत्रिकपणे घालू नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवरून भेद करणारे नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असा आदेश पोलिसांना दिला. १८७१ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निस्तरावे लागत होते. शिक्का पुसायला किती काळ लागतो, याचा हिशेब यातच आला.

म्हणून या तालुक्यांतल्या वाचकाला माझे सांगणे आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत, वसतिगृहात, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, बालगृहात कामाला ठेवलेल्या माणसाची पडताळणी झाली आहे का, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ करवून घ्या. मूल काही सांगू लागले तर घरच्या अब्रूचा विचार करून त्याला गप्प करू नका. ‘पॉक्सो’चे खटले वर्षानुवर्षे का रखडतात, याचा जाब आमदार-खासदारांना विचारा. दोषीला कायद्याने सांगितलेली पुरी शिक्षा व्हावी, यासाठी आग्रह धरा. आणि माणसावर नवी खूण उमटवण्याची मागणी कुठूनही आली, मग ती कितीही न्याय्य संतापातून आलेली असो, तर तिला तीन प्रश्न विचारा. ही खूण कोणत्या न्यायालयाने, कोणत्या पुराव्यावर ठरवली? ती कोण पाहणार आणि पाहून त्याने काय करायचे आहे? ती कोणत्या तारखेला पुसली जाणार? या तीनही प्रश्नांची उत्तरे ज्या कायद्यात लिहिलेली नाहीत, त्या कायद्याला हात वर करू नका.